ट्रायल की रजिस्ट्री? संधिवाताच्या रुग्णाने 'स्टडी'ला हो म्हणण्याआधी

"ताई, एक स्टडी चालू आहे, तुम्ही त्यात बसता. विचार करून सांगा." ओपीडीत मागे चाळीस माणसं ताटकळत उभी असताना हे वाक्य कानावर पडलं, की विचार नेमका कशाचा करायचा तेच सुचत नाही. मला संधिवात होऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात हे वाक्य मी दोनदा ऐकलं. एकदा नाही म्हटलं, एकदा हो. दोन्ही वेळा शब्द एकच होता, 'स्टडी'. पण समोर आलेल्या गोष्टी इतक्या वेगळ्या होत्या की त्यांना एका नावाने हाक मारणंच चुकीचं आहे.

इथे संधिवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, आपण ज्याला नुसतं 'आरए' म्हणतो तो. वयानुसार गुडघे झिजतात तो आजार निराळा. आरएमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि सूज वेळेत आवरली नाही तर हाड कुरतडलं जातं. कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. पुढचं सगळं वाचताना ही एक गोष्ट लक्षात असू द्या.

दोन निराळ्या गोष्टी

औषधाच्या चाचणीत, म्हणजे ट्रायलमध्ये, तुमच्या उपचारात हात घातला जातो. कुणाला नवं औषध, कुणाला जुनं आणि कुणाला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी किंवा इंजेक्शन, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. बहुतेक वेळा तुमच्या वाट्याला काय आलं ते तुम्हालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरांनाही.

निरीक्षणाच्या अभ्यासात, म्हणजे रजिस्ट्रीत, तुमची औषधं जशी चालू आहेत तशीच राहतात. फक्त नोंदी होतात: सांधे किती सुजले, सूज दाखवणारी रक्ततपासणी, सीआरपी, किती आली, कोणती गोळी का बदलली. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. गावातल्या प्रौढांमध्ये आरएचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. कुणालाही नवी गोळी न देता मिळालेली ही माहिती आजही कामी येते.

चालू औषधाचं काय होणार?

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर उभा आहे. फुकट औषध मिळतं का, मोठं हॉस्पिटल आहे का, हे नंतर.

आपल्यापैकी बहुतेकांचा संसार मेथोट्रेक्सेटवर चालतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी. आमच्या घरी रविवारी रात्री, जेवण झाल्यावर, आणि ती घेतली की कॅलेंडरवर फुली. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी. रजिस्ट्रीत ही फुली तशीच राहते. ट्रायलमध्ये काय होईल ते ट्रायलच्या आखणीवर आहे, आणि इथे दोन तऱ्हा नीट ओळखायला हव्यात.

एका तऱ्हेत मेथोट्रेक्सेट चालूच राहतं आणि त्यावर नवं औषध किंवा प्लासिबो जोडतात. म्हणजे नशिबाने प्लासिबो आला तरी तुम्ही अगदी उघड्यावर पडत नाही. दुसऱ्या तऱ्हेत आधीचं औषध थांबवावं लागतं. ते अंगातून निघून जाण्यासाठी मधले काही आठवडे कोरडे काढायचे असतात. लेफ्लुनोमाइड हे आरएचंच एक औषध तर शरीरात इतकं रेंगाळतं की ते लवकर बाहेर काढायला दुसरं औषध ११ दिवस द्यावं लागतं. या मधल्या दिवसांत आजार उसळला तर?

म्हणून विचारायचं: "मला बरं वाटत नसेल तर कितव्या आठवड्यात तुम्ही मला खात्रीचं औषध देणार?" चांगल्या आखणीत याचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं, त्याला 'रेस्क्यू' म्हणतात. उत्तर देताना समोरची व्यक्ती चाचरली, तर कागद घ्या आणि घरी या.

मी ज्या ट्रायलला नाही म्हटलं ती या दुसऱ्या तऱ्हेची होती. माझं औषध निम्मंशिम्मं लागू पडत होतं. सकाळी बोटं उघडायला तास लागायचा, पण पोळ्या लाटता येत होत्या. तेवढंही सोडायला मन धजेना. शिवाय त्या रुग्णालयात वीसेक पानांचं इंग्रजी संमतिपत्र हातात दिलं आणि सांगितलं, आजच सही केलीत तर बरं, जागा भरत आल्यात. घाईने घेतलेली सही ही संमती नव्हेच. मराठीतलं माहितीपत्रक मागण्याचा, ते घरी नेऊन वाचण्याचा आणि सही केलेल्या कागदाची प्रत जवळ ठेवण्याचा तुमचा हक्क आहे. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. केवळ भीतीने मी उठून आले.

तपासणीची सकाळ

दोन्हींत सांधे मोजतात, आणि मोजायची पद्धत तीच: २८ सांधे. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे. तपासणारी मुलगी अंगठ्याने सांधा दाबते, तिच्या स्वतःच्या नखाखालची लाली जाऊन ते पांढरं पडेपर्यंत. इतकाच दाब, ना कमी ना जास्त. दुखलं की सांगायचं, ती टिक करते. मग कागदावर १० सेंटिमीटरची एक आडवी रेघ समोर ठेवतात. एका टोकाला 'अजिबात त्रास नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य'. आज तुम्ही कुठे आहात तिथे खूण करायची. पहिल्यांदा मी मधोमध खूण केली, कारण डॉक्टरांना वाईट वाटू नये असं वाटलं. तसं करू नका. औषध वाढवायचं की नाही हे त्या खुणेवरही ठरतं.

फरक आहे तो फेऱ्यांचा. रजिस्ट्रीची नोंद सहसा तुमच्या नेहमीच्या फॉलो-अपलाच होते. माझी तीन-चार महिन्यांतून एकदा, वीस मिनिटं जास्त. ट्रायलमध्ये सुरुवातीला दोन किंवा चार आठवड्यांनी बोलावणं असतं आणि तारीख चुकवून चालत नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे सकाळी आठला हजर. आरए असलेल्या माणसासाठी सकाळी आठ ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ; सांधे तेव्हा लाकडासारखे असतात. त्यात डोंबिवलीहून परळला यायचं, पुलाचे जिने चढायचे, गर्दीत वरची कडी धरायची तर मनगट धरवत नाही. दिव्यांगांच्या डब्याचा पास ज्यांना मिळू शकतो त्यांनी तो आधी काढावा. आणि प्रवासखर्च मिळतो का, सोबत येणाऱ्याचाही मिळतो का, रिक्षाचा की फक्त लोकलचा, हे संकोच न करता विचारावं.

एक मात्र मान्य करायला हवं. इतक्या वारंवार, इतक्या बारकाईने तपासलं जाणं हाच एक उपचार आहे. ग्लासगोमध्ये 'टायकोरा' नावाचा एक अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नवं औषध कुठलंच नव्हतं. एका गटाला दर महिन्याला तपासून, मोजून, आजार शांत नसेल तर लगेच औषध वाढवायचं. दुसऱ्या गटाला नेहमीच्या पद्धतीने पाहायचं. १८ महिन्यांनी पहिल्या गटातल्या ६५ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यातल्या फक्त १६ टक्क्यांचा. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा फार वेळ त्यांच्याकडे बघत बसले होते. गोळ्या त्याच, फक्त कुणीतरी दर महिन्याला हात हातात घेऊन दाबून पाहिलं. औषधं तीच ठेवून उपचाराची रीत तपासणारा असा अभ्यास समोर आला, तर मी दोन्हींच्या आधी त्याला हो म्हणेन.

धोका

रजिस्ट्रीत अंगावर येणारा धोका म्हणजे रक्त काढण्याच्या सुईचा. उरतो प्रश्न तुमच्या माहितीचा: नाव काढून फक्त क्रमांकाने ती साठवतात ना, उरलेलं रक्त पुढे दुसऱ्या कामाला वापरणार का, हे विचारा.

ट्रायलचा धोका खरा आहे आणि तो औषधागणिक बदलतो. आपल्याकडे सगळ्यात आधी क्षयरोग. मुंबईत आपल्यापैकी अनेकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो. बायोलॉजिक औषधं, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली महागडी इंजेक्शनं, प्रतिकारशक्ती दाबतात तेव्हा तो जागा होऊ शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी केल्याशिवाय अशा औषधाच्या ट्रायलमध्ये कुणी घेत असेल, तर ते घेणं बरोबर नाही. जॅक इन्हिबिटर, म्हणजे प्रतिकारशक्तीचे पेशींतले संदेश अडवणाऱ्या गटाच्या गोळ्यांनी नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं.

त्याच गटातल्या टोफॅसिटिनिबची हकिकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत या गोळीला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांवर मोठी तुलना झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: टीएनएफ (सूज वाढवणारं प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनांच्या तुलनेत या गोळीवर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना आणि कर्करोग जास्त दिसले. आज तुमचे डॉक्टर ती गोळी लिहिण्याआधी तुमचं वय, बीपी आणि सिगारेट विचारतात, ते या लोकांमुळे. त्या ४,३६२ जणांचे उपकार आहेत आपल्यावर. पण त्यांच्यात बसायचं की नाही हे तुमचं वय आणि तुमचं हृदय पाहून ठरवायचं. मूल हवं असेल तर ट्रायलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. बहुतेक ट्रायलमध्ये गर्भधारणा टाळण्याची अट असते, आणि मेथोट्रेक्सेटही गरोदरपणात चालत नाही.

कायदा आणि ट्रायल संपल्यानंतर

इथे ट्रायलची बाजू जड आहे. २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, आणि भरपाईचं सूत्रही ठरलेलं आहे. गंभीर काही घडलं तर २४ तासांत कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ट्रायलला मंजुरी देणाऱ्या आणि रुग्णांचं हित पाहणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात आणि त्यात एक सामान्य नागरिकही असतो. कमिटीचा फोन नंबर संमतिपत्रावर असतो; तो मोबाइलमध्ये टाकून ठेवा. ट्रायल मध्येच सोडता येते, कारण न देता, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

पण ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे शेवटचा दिवस. समजा नवं औषध तुम्हाला लागू पडलं. सहा महिन्यांनी बोटं उघडतायत, ब्लाउजचे हुक स्वतः लावता येतायत, आणि ट्रायल संपली. आता? नियमात मोफत औषध पुढे चालू ठेवण्याची तरतूद आहे, पण तिला अटी आहेत: डॉक्टरांची शिफारस हवी, कमिटीची मंजुरी हवी आणि दुसरा पर्याय उपलब्ध नसावा. आरएला दुसरे पर्याय असतातच. त्यामुळे बरं करणारं औषध हातातून निसटण्याची शक्यता खरी आहे. हे सही करण्याआधी स्वतःला आणि घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा. खर्चाच्या बाबतीत थोडा दिलासा एवढाच की बायोसिमिलर, म्हणजे बायोलॉजिकसारखीच पण स्वस्त औषधं, आली आहेत. अ‍ॅडॅलिमुमॅब या बायोलॉजिकचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आलं.

आयुर्वेदाबद्दल नातेवाईक विचारतातच. कोइमतूरला ४३ रुग्णांवर आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी रीतसर तुलना झाली, ३६ आठवडे, २०११ मध्ये प्रसिद्ध. तिन्ही गटांत गुण साधारण सारखा दिसला. पण ४३ माणसं म्हणजे सुरुवात. त्यावर विसंबून कुणी मनाने रविवारची गोळी बंद करू नये. नोंदणी झालेला असा अभ्यास असेल तर त्याला वरचेच सगळे प्रश्न लावा.

मग कुणी काय निवडावं

आजार शांत असेल तर ट्रायल नको. रजिस्ट्रीला आनंदाने हो म्हणा. नुकतंच निदान झालं असेल तर आधी नेहमीचे उपचार जोरात होऊ द्या, पहिली दोन वर्षं फार मोलाची असतात. मेथोट्रेक्सेट पुऱ्या मात्रेत घेऊनही सांधे सुजलेलेच आहेत, बायोलॉजिकचा खर्च झेपत नाही, टीबी आणि हृदयाच्या तपासण्या ठीक आहेत, आणि समोरच्या ट्रायलमध्ये मेथोट्रेक्सेट चालू राहतं, रेस्क्यूचा आठवडा लिहिलेला आहे: अशा वेळी मी स्वतः ट्रायलला हो म्हणेन.

त्याआधी ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, मागून घ्या. २००९ पासून भारतात औषधाच्या प्रत्येक चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही फुकट पाहता येते: कोणतं औषध, कोणाशी तुलना, कोणत्या रुग्णालयांत, कोण पैसे देतंय. भाषा किचकट इंग्रजी आहे. माझ्या भाचीने माझ्याशेजारी बसून एका संध्याकाळी ती सगळी वाचून दाखवली, आणि मी समासात पेन्सिलने सात प्रश्न लिहिले. पुढच्या सोमवारी तो कागद घेऊन गेले तेव्हा कोऑर्डिनेटरने खुर्ची ओढली, मला बसवलं आणि सातही प्रश्नांची उत्तरं दिली. तो अभ्यास रजिस्ट्रीचा होता, आणि त्याला मी हो म्हटलं.