आयफोन १३ ठेवावा की १५ घ्यावा?

हातात आयफोन १३ असेल आणि १५ खुणावत असेल, तर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे ते बघा. आकडा ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नुसती बॅटरी बदलून घ्या. बऱ्याचदा फोन मंद वाटतो तो तिच्यामुळेच.

वेगात फारसा फरक नाही. २०२१ च्या १३ मध्ये ए१५ चिप, २०२३ च्या १५ मध्ये ए१६. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, नकाशे दोन्हींवर सुरळीत चालतात. स्क्रीनही दोन्हींची ६.१ इंची आणि ६० हर्ट्झचीच, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र ताजं करणारी, आणि हे मला मुळीच पटत नाही. याहून कितीतरी स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये १२० हर्ट्झ मिळतात.

कॅमेरा मात्र खरंच पुढे गेलाय. मुख्य कॅमेरा १२ ऐवजी ४८ मेगापिक्सेलचा, त्यामुळे दुप्पट झूम केलं तरी चेहरा स्वच्छ येतो. घरात रांगतं मूल असेल तर हा फरक रोज जाणवेल. भर उन्हात १५ ची स्क्रीन २००० निट्सपर्यंत उजळते, १३ ची ८०० पर्यंतच. शिवाय यूएसबी-सी आल्यामुळे घरातल्या अँड्रॉइडवाल्यांची केबल चालते.

मी १३ च ठेवेन, नव्या बॅटरीसह. फोटोंचा खरा नाद असेल तर १५ घ्या.