स्क्लेरल लेन्स: नजर उत्तम, वाद मापाचा

माझ्या दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस (बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा आजार) असून सीथ्रीआर (पारपटल बळकट करून ही वाढ थांबवण्याचा उपचार) पूर्वीच झालेले आहे. बरीच वर्षे आरजीपी, म्हणजे चष्म्याचे दुकानदार ज्यांना सेमीसॉफ्ट म्हणतात त्या पारपटलावर बसणाऱ्या कडक लेन्स वापरून मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास स्क्लेरलवर (सलाइन भरून घालायच्या, पारपटलाला न टेकणाऱ्या मोठ्या लेन्सवर) आलो, आणि नजरेपुरते बोलायचे तर पैसे वसूल झाले. पणजीच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासणे हे माझे काम. आरजीपीतून संध्याकाळी एका अनुस्वाराचे दोन दिसू लागत. आता तो दिवेलागणीनंतरही एकच दिसतो. पर्वरीच्या रस्त्यावरची धूळ लेन्सखाली गेली म्हणून स्कूटर बाजूला घ्यावी लागणे, हेही थांबले.

तरीही लिहायला बसलो तो बिलामुळे. नाताळच्या आसपास उजवी लेन्स दुपारनंतर टोचू लागली. जिथे ती बनवून घेतली होती तिथे दाखवली, तेव्हा नव्या टोपोग्राफीत (पारपटलाच्या वक्रतेच्या नकाशात) पारपटलाचा सर्वांत चढा आकडा ५१ वरून ५४ डायॉप्टरवर गेलेला दिसला (निरोगी पारपटलाची वक्रता साधारण ४३-४४ असते). आजार वाढला आहे, सबब नवी लेन्स पूर्ण दराने घ्यावी लागेल आणि पुन्हा सीथ्रीआरचा विचार करावा, असे मला सांगण्यात आले.

माझी हरकत नेमकी इथे आहे. केराटोकोनसचे पारपटल पातळ आणि कमकुवत असल्यामुळे रोज तासन्‌तास घातलेली कडक लेन्स शंकूचे टोक दाबून ठेवते, आणि ती काढल्यावर ते टोक हळूहळू, कधी कधी काही आठवड्यांनी, आपल्या मूळ उंचीला येते. म्हणूनच माप घेण्यापूर्वी आरजीपी दोन-तीन आठवडे, आणि आकडे स्थिरावत नसतील तर त्याहून अधिक काळ, काढून ठेवायला सांगतात. स्क्लेरलसाठी माझे पहिले माप मात्र आरजीपी आदल्या रात्री काढलेली असताना घेतले गेले. दाबलेल्या पारपटलाचा आकडा मोकळ्या पारपटलाच्या आकड्यातून वजा करायचा, उरलेल्या बाकीला आजाराची वाढ म्हणायचे, आणि तिच्या जोरावर रुग्णाला शस्त्रक्रियेची भीती घालायची, हा हिशेब मला अजूनही मान्य नाही.

मडगावच्या दुसऱ्या ऑप्टोमेट्रिस्टबाईंकडे गेल्यावर माझे मत थोडे बदलले, हे मात्र सांगायला हवे. त्यांनी डोळ्यात रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पडद्यावर दाखवले: लेन्सखालचा सलाइनचा थर हिरवा चमकत होता आणि मधोमध मसुराएवढा काळा ठिपका होता. तिथे लेन्स पारपटलाला टेकत होती. वास्तविक तिथे सुमारे २०० मायक्रॉनची पोकळी हवी. स्क्लेरल लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि पहिल्या काही तासांतच, पुढेही थोडी थोडी, खाली बसत जाते, त्यामुळे ही पोकळी आपोआप कमी होते. तेव्हा सगळा दोष पहिल्या मापावर टाकणे मी सोडून दिले. पण टोक वर येणार आणि लेन्स खाली बसणार, या दोन्ही गोष्टी बनवणाऱ्याने आधीच धरायच्या असतात. त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसावा?

हा स्पर्श किरकोळ नाही. शंकूच्या टोकावर लेन्स घासत राहिली की ओरखडे उठतात आणि पुढे पांढुरके डाग पडू शकतात. असे डाग लेन्स न वापरणाऱ्यांनाही पडतात. तथापि १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या क्लेक या दीर्घकालीन पाहणीत ५२ डायॉप्टरपेक्षा अधिक वक्रता, लेन्सचा वापर आणि कोवळे वय हे डागांशी निगडित घटक आढळले. आणि लेन्स कोणतीही असो, ती शंकूची वाढ थांबवत नाही. ते काम सीथ्रीआरचे.

सलाइनचा खर्च दरमहा खुपतो, कारण परिरक्षक नसलेले सलाइन लागते आणि एकदा फोडलेली कुपी ठेवता येत नाही. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरून काटकसर करू नये, त्यातल्या अकांथअमीबा या सूक्ष्म जीवाने डोळा जाऊ शकतो. दुपारी लेन्सखाली धुके साचते, तेव्हा ती काढून पुन्हा भरावी लागते, म्हणजे आणखी एक कुपी.

लेखी तक्रारीनंतर अर्ध्या दरावर तडजोड झाली आणि नवी उजवी लेन्स आता संध्याकाळपर्यंत टोचत नाही. आरजीपीवरून स्क्लेरलकडे जाणाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे लेन्सविना काम कसे करायचे, या चिंतेने माप उरकून घेऊ नये. डॉक्टरांना विचारून आधी एका डोळ्याची लेन्स काढून ठेवावी, दुसऱ्यावर काम भागवावे, त्या डोळ्याचे माप लागोपाठ दोनदा सारखे आले की मगच दुसरा डोळा मोकळा करावा, आणि पुन्हा बनवण्याची अट पैसे भरण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्यावी.