‘मेमरी आयसी गेलाय, डेटा काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

सोलापुरातल्या जुन्या पेढ्यांवर गल्ल्याच्या कप्प्यात आजही एखादी कॅसिओची डिजिटल डायरी नाहीतर पामचं हातात मावणारं ऑर्गनायझर सापडतं. धंदा केव्हाच मोबाईलवर गेला, पण जुन्या पार्ट्यांचे पत्ते, गावोगावच्या एजंटांचे नंबर, कुणाची उधारी कधीपासूनची याच्या नोंदी त्या यंत्रातच राहिलेल्या असतात. यंत्राला आज भंगाराचा भाव येईल, आतली माहिती मात्र मालकाला लाखमोलाची वाटते. फसवणारा नेमका इथेच हात घालतो.

नवी पेठेच्या आसपास घडलेला एक प्रकार असा. चादर-टॉवेलच्या एका वयस्कर व्यापाऱ्यांचं पाम एम ५०० चालू होईना. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, “काका, मेमरी आयसी शॉर्ट झालाय. चिप काढून हैदराबादच्या लॅबला पाठवावी लागेल. साडेचार हजार होतील, निम्मे आधी टाका.” निम्मे यूपीआयने गेले. काही दिवसांनी दुसरा निरोप, “थोडा डेटा दिसतोय, उरलेल्यासाठी अजून दोन हजार लागतील.” तेही गेले. शेवटी यंत्र हातात आलं ते कोरं करकरीत. पडदा पुसलेला, बॅटरी नवी आणि बटण दाबलं की स्वागताचा स्क्रीन. दोन्ही कवचांच्या फटीत पातळ पात्याचे ओरखडे होते आणि बिलावर एकच ओळ, ‘डेटा रिकव्हरी चार्जेस’. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, कुठल्या लॅबला पाठवलं तेही नाही.

यात कुठलीही चिप कुठेही गेलेली नव्हती. जाऊन उपयोगही नव्हता. ते का, हे नीट समजून घ्या, कारण एवढं कळलं की पुढची सगळी बोलबच्चनगिरी उघडी पडते.

एम ५०० मध्ये ८ एमबी मेमरी असते. तुम्ही लिहिलेले पत्ते, तारखा, नोंदी सगळं रॅममध्ये राहतं आणि रॅमला अखंड वीज लागते. यंत्र बंद दिसतं तेव्हाही बॅटरीतून थोडी वीज रॅमकडे जात असते. बॅटरी उतरली की यंत्र आधी पडदा चालू करायचं नाकारतं आणि उरलीसुरली वीज मेमरी जिवंत ठेवायला वापरतं. म्हणजे नुकतंच ‘चालू होत नाही’ अशा अवस्थेत आणलेल्या यंत्रात माहिती शाबूत असू शकते. ती मरते ती दुकानात, कवच उघडून बॅटरीची वायर काढली त्या क्षणी. आतला थोडी वीज साठवणारा कपॅसिटर नवा असताना फार तर मिनिटभर तग धरायचा. वीस-पंचवीस वर्षांनी त्याचा काहीच भरवसा नाही. आणि पुसल्या गेलेल्या पाटीवरची अक्षरं जशी कुणाला वाचता येत नाहीत, तशी वीज गेलेल्या रॅममधली माहिती हैदराबादला, मुंबईला, परदेशात कुठेही नेली तरी परत येत नाही. तिथे ‘रिकव्हरी’ हा प्रकारच नाही.

आता उलट बाजू. पामचंच २००४ चं टंगस्टन टी-५ आणि ट्रिओ ६५०, २००५ चं टंगस्टन ई-२, टीएक्स आणि झेड २२ या यंत्रांत माहिती फ्लॅश मेमरीत राहते. बॅटरी पूर्ण मेली, काढली, महिनाभर तशीच ठेवली तरी नोंदी जागच्या जागी असतात. चांगली बॅटरी बसवून चार्ज केलं की सगळं जसंच्या तसं दिसतं. मग इथे ‘डेटा काढून दिला’ म्हणून कसले पैसे? खरं काम बॅटरी बदलण्याचं, बिल मात्र रिकव्हरीचं. एचपीच्या आयपॅकसारख्या पॉकेट पीसीचंही (विंडोजवर चालणाऱ्या हातातल्या यंत्रांचंही) असंच आहे: विंडोज मोबाईल ५ च्या आधीची यंत्रं रॅमवर चालायची, ५ पासून पुढे माहिती फ्लॅशमध्ये जाऊ लागली.

थोडक्यात, एका प्रकारात रिकव्हरी अशक्य आणि दुसऱ्यात अनावश्यक. दोन्हीकडे पैसे मागणारा खोटंच बोलतो. (फ्लॅशवालं यंत्र पाण्यात पडलं, बोर्डच जळाला, तर खरी प्रयोगशाळा चिप वाचू शकते. पण ती आधी लेखी अंदाजपत्रक देते, स्वतःचं नाव-पत्ता देते आणि अर्धवट कामासाठी फोनवर हप्ते मागत नाही.)

कॅसिओच्या डिजिटल डायरीत हाच खेळ बटण सेलांवर होतो. आत मुख्य सेल वेगळे आणि बॅकअपचा सेल वेगळा असतो. बहुतेक मॉडेलांत हे सीआर २०३२ असतात, तरी मागच्या झाकणावर लिहिलेला नंबर वाचूनच घ्या. नियम एकच: दोन्ही बाजूंचे सेल एकाच वेळी बाहेर काढायचे नाहीत. आधी मुख्य सेल बदला, यंत्र चालू करून नोंदी दिसतात का पाहा, बंद करा आणि मगच बॅकअपच्या सेलला हात लावा. घड्याळाच्या दुकानातला पोरगा सगळे सेल एकदम टेबलावर काढतो आणि तिथेच खेळ आटोपतो. त्यावर “आधीच उडालं होतं” हे ठरलेलं उत्तर. म्हणून सेल बदलून घ्यायला जाण्याआधी डायरी चालू करून दोन-चार नोंदी दुकानदाराला दाखवा. अंधूक दिसत असतील तरी दाखवा.

सेलातही फसवणूक आहे. सीआर २०३२ नसेल तर काही जण सीआर २०१६ चे दोन सेल एकावर एक ठेवून देतात. जाडी जुळते, कारण २०१६ ची जाडी १.६ मिलिमीटर आणि २०३२ ची ३.२. पण ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्ट गेले की डायरीचा आयसी खरोखरच जळू शकतो. एलआयआर २०३२ हा चार्ज होणारा सेल दिसायला अगदी तसाच, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. तोही नको. पामच्या एम १००, पाम ३ यांसारख्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रांना एएए चे दोन सेल लागतात, तिथे सेलवरचा बारीक कोड वाचा. एलआर ०३ म्हणजे अल्कलाइन, नुसतं आर ०३ म्हणजे साधा झिंक-कार्बन. वर ‘अल्कलाइन’ असं ठळक छापून आत साधा माल भरलेला असेल तर तो वजनात कळतो. खरा अल्कलाइन एएए सेल साधारण ११ ते १२ ग्रॅमचा असतो, साधा त्याहून बराच हलका. शेजारच्या सराफाच्या काट्यावर एक मिनिटात निकाल लागतो.

लिथियमच्या चपट्या बॅटरीवर स्टिकर लावणं तर सगळ्यात सोपं. ‘जादा बॅकअपवाली, २२०० एमएएच’ म्हणून एक बॅटरी हातावर ठेवतात. पाकिटावर ५०३४५० असा आकडा दिसला तर तो वाचायला शिका: जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी ३४, लांबी ५०. एवढ्या आकाराच्या पाकिटात साधारण ९०० ते १००० एमएएच मावतात. त्यात २२०० भरणं कुणालाच जमलेलं नाही. आकडा नसेल तर पट्टीने मोजा. मूळ बॅटरीला तीन वायरी असतील आणि नवीला दोनच, तर तिसऱ्या वायरीचं काय केलं ते विचारा. ती बऱ्याचदा तापमान कळवणारी असते. तिच्या जागी कायम एकच तापमान दाखवणारा फुकाचा रेझिस्टर टाकून ठेवला तर बॅटरी तापली तरी चार्जिंग थांबत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या बराच वर असताना, गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या यंत्रात अशी बॅटरी फुगते. कवच उसवतं, पडदा वर उचलला जातो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही.

पडदा गेला म्हणून घेतले जाणारे पैसेही बऱ्याचदा फुकट असतात. पेन एका जागी टेकवला आणि नोंद भलतीकडेच उघडली, तर आधी सेटिंगमधल्या ‘डिजिटायझर’मध्ये जाऊन फुलीच्या खुणांवर नेमका पेन टेकवून जुळवणी करा. तरी फरक पडला नाही तर चौकटीच्या कडेखाली अडकलेला कचरा पडदा दाबून धरत असतो. जाड कागदाची कड हलकेच चौकटीखालून चारही बाजूंनी फिरवली की तो निघतो.

आता सगळ्यात हुशारीचा प्रकार. “काका, त्या वेळचा जुना कॉम्प्युटर असेल तर तोही आणा, चिप त्याला जोडून वाचावी लागते.” व्यापारी बिचारे गोदामातून धूळ खात पडलेला विंडोज एक्सपीचा डबा घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी सगळे पत्ते परत, पाच-सात हजारांचं बिल, वर आभार. खरी गोष्ट अशी, की पाम यंत्र कधीही पाळण्यात (चार्जिंगच्या आणि कॉम्प्युटरला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवून हॉटसिंक केलेलं, म्हणजे कॉम्प्युटरशी नोंदी जुळवून घेतलेलं असेल, तर त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदींची प्रत कॉम्प्युटरवर आधीपासूनच पडलेली असते. जुन्या पाम डेस्कटॉपमध्ये, म्हणजे पामच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये, प्रोग्राम फाइल्समधल्या पाम नावाच्या फोल्डरात वापरणाऱ्याच्या नावाचं, थोडं आखडलेलं फोल्डर असतं. त्यात पत्ते, तारखा, कामं, टिपणं यांची वेगवेगळी फोल्डरं आणि ‘बॅकअप’ नावाचं एक. हे अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून घ्या, बाकी सगळं नंतर. मग पाम डेस्कटॉप उघडून एक्स्पोर्टमध्ये जा आणि पत्ते व्हीकार्डच्या स्वरूपात काढा. ती फाइल सरळ आजच्या मोबाईलमध्ये शिरते. या कामाला चहा थंड होईल एवढाही वेळ लागत नाही.

कोऱ्या झालेल्या यंत्रात माहिती परत भरायची असेल तर एका ठिकाणी जपा. हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ओळीला ‘डेस्कटॉपवरून यंत्रावर लिहा’ अशा अर्थाचा पर्याय एकदाच्या वेळेपुरता निवडा आणि वापरणाऱ्याचं नाव जुनंच द्या. उलटा पर्याय निवडला तर कोरं यंत्र कॉम्प्युटरवरची प्रतही पुसून टाकेल. पेनड्राइव्हची प्रत आधी घ्यायची ती याचसाठी. आणखी एक, ६४ बिट विंडोजसाठी यूएसबी जोडणीचा ड्रायव्हर (यंत्र ओळखायला लागणारा प्रोग्राम) पामने स्वतः कधी काढलाच नाही. त्यामुळे नव्या लॅपटॉपला यंत्र दिसत नाही याचा अर्थ यंत्र बिघडलं असा होत नाही. “लॅपटॉप ओळखत नाही, म्हणजे बोर्ड गेला” असं कुणी म्हणालं तर यंत्र उचलून बाहेर पडा.

चालू न होणारं यंत्र दुकानात नेण्याआधी घरी एवढं करा. तळाचे पितळी पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. चार्जर ५ व्होल्ट देतो का ते मीटरने तपासा. बऱ्याचदा मेलेला असतो तो चार्जरच. यंत्र रात्रभर पाळण्यात राहू द्या. सकाळीही पडदा उजळला नाही तर मागच्या बारीक छिद्रात उलगडलेली पेपर क्लिप एकदा हलकेच दाबा. यात नोंदी जात नाहीत. पण हे करताना चालू-बंदचं बटण दाबून धरायचं नाही. ते धरून रीसेट केलं की सगळी माहिती पुसू का, असा प्रश्न येतो आणि वरच्या दिशेचं बटण दाबल्यावरच यंत्र ती पुसतं. दुसरं कुठलंही बटण दाबलं तर पुसत नाही. म्हणून “चुकून हार्ड रीसेट झालं” हे दुकानदाराचं म्हणणं मान्य करू नका, तिथे दोन वेगवेगळ्या पायऱ्या जाणूनबुजून कराव्या लागतात.

यंत्र एकदा जरी चालू झालं तरी दुरुस्तीची घाई नको. आधी प्रत काढा. कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलने एकेका नोंदीचा फोटो काढत बसा. डिजिटल डायरीला तर बहुतेकांकडे हाच एक मार्ग आहे. शंभर-दोनशे नोंदी असतील तर एका दुपारचं काम आहे, घरातल्या पोरांना बसवा.

दुकानात देताना पावतीवर मॉडेल, सिरीयल नंबर, ‘यंत्र चालू/बंद अवस्थेत दिले’ आणि ‘बॅटरी काढण्यापूर्वी मालकाला कळवावे’ एवढं लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर दुसरं दुकान शोधा. स्वागताचा स्क्रीन दाखवून “डेटा आत आहे, फक्त लॉक झालाय” असं सांगणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. एम ५०० सारख्या रॅमवर चालणाऱ्या यंत्रात तो स्क्रीन याचा अर्थ मेमरी रिकामी आहे, एवढाच होतो.

पैसे गेलेच असतील तर गप्प बसू नका. बिल, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे निरोप, ओरखडलेल्या कवचाचे फोटो एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पैसे ऑनलाइन फसवून काढून घेतले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे घटनेपासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. व्यापाऱ्यांनी एक मात्र ध्यानात ठेवावं: समोरचा ‘हे व्यावसायिक कारणासाठी होतं, तुम्ही ग्राहकच नाही’ असा मुद्दा काढू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून धंदा करणाऱ्याला कायद्याने यातून सूट दिली आहे, तेव्हा तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. पोलिसांकडे जायचं झालं तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे. तिथे अर्जासोबत एक पान जोडा: यंत्राचं मॉडेल कोणतं, त्याची मेमरी रॅम की फ्लॅश आणि त्यामुळे मागितलेलं काम अशक्य होतं की अनावश्यक. ठाणे अंमलदाराला एवढ्यावरून फसवणूक समजते.