डायनाको एसटी-70: आवाज उत्तमच, पण बायसकडे लक्ष ठेवा

हा जुना ट्यूब अँप्लिफायर. 4 ईएल34 पॉवर ट्यूब, 35 वॅट चॅनेलला, हे सगळं घेणाऱ्याला पाठच असतं म्हणून सांगत बसत नाही. न्यू जर्सीत राहतो, फिलाडेल्फियाजवळ सेकंडहँड मिळाला (डायनाको कंपनीपण तिथलीच, हे मॉडेल 1959 चं) आणि बरेच महिने रोज वापरतोय. ख्याल लावला की तंबोऱ्याची जवारी इतकी मोकळी ऐकू येते की बाकी अँप लावावासाच वाटत नाही.

लिहायला बसलो कारण मधे एका ट्यूबची प्लेट लालभडक झाली. आतला फिलामेंट चमकतो तसं नाही, बाहेरचा राखाडी पत्राच लाल. असं दिसलं की आधी बंद करा, मग विचार करा. दुकानात नेला तर चारही ट्यूब बदला, मॅच्ड सेट (सारखाच करंट ओढणाऱ्या ट्यूब) घ्या, दुसरं काही बघायलाच तयार नाही. मी म्हटलं अहो दोन्ही चॅनेलचा पॉट (ट्यूबचा करंट कमी-जास्त करायचा स्क्रू) शेवटपर्यंत फिरवला तरी करंटचं रीडिंग ठरलेल्या 1.56 व्होल्टच्या खाली येत नाहीये, दोन्हीकडच्या ट्यूब एकाच वेळी कशा बिघडतील? ऐकलंच नाही. उचलून घरी आणला.

या अँपमधे ईएल34 च्या ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) वेगळा निगेटिव्ह व्होल्टेज देतात, तीस-पस्तीस व्होल्टच्या आसपास, तोच बायस. तो जितका जास्त निगेटिव्ह तितका ट्यूबमधून करंट कमी. हा निगेटिव्ह सप्लाय दोन्ही चॅनेलला एकच आणि तो बनवतो एक सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग). सेलेनियम जुना झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, बायस पडतो, करंट वाढतो आणि जी ट्यूब मुळात जास्त ओढणारी ती सगळ्यात आधी लाल होते. म्हणजे नवा सेट घातला असता तर तोही भाजला असता! सेलेनियम काढून 1एन4007 डायोड लावला, बायसचे दोन 50 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलले, खर्च दोन कॉफींइतका. सिलिकॉनमधे ड्रॉप कमी म्हणून बायस जास्त निगेटिव्ह होतो, त्यामुळे पॉट पुन्हा लावावाच लागतो.

आता माझी खरी तक्रार. एका चॅनेलच्या दोन ट्यूबना पॉट एक आणि कॅथोडला (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) 15.6 ओहमचा रेझिस्टरपण एकच. 1.56 व्होल्ट म्हणजे दोघींचा मिळून 100 मिलिअँप, पण कोण किती ओढतेय ते कळायला काही मार्गच नाही. मी तो काढून प्रत्येक कॅथोडला वेगळा 10 ओहम लावला. एक 0.61 व्होल्ट, दुसरी 0.39! बेरीज अगदी बरोब्बर, आणि त्यातली एक 61 मिलिअँपवर. प्लेटला 415 च्या आसपास व्होल्ट, म्हणजे 25 वॅट, स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) थोडा करंट वजा केला तरी ट्यूबच्या लिमिटला टेकलेलीच. शिवाय दोन बाजूंचा करंट असा विषम असला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधे डीसी मॅग्नेटिझम राहतो आणि बेस पातळ होतो, आणि या अँपमधे जपायची वस्तू कुठली असेल तर तो ट्रान्सफॉर्मर.

मॅच्ड पेअर म्हणजे निव्वळ पैसे काढायचं काम असं मी सगळ्यांना सांगायचो, आता तसं म्हणणार नाही, एका पॉटवर दोन ट्यूब असतील तर जोडी जुळायलाच हवी. पण जुळवायला विकतच घ्यावी असं कुठंय? चारही मोजल्या, जास्त ओढणाऱ्या दोघी एका चॅनेलला, कमी ओढणाऱ्या दोघी दुसऱ्याला, चॅनेलचे पॉट वेगळे आहेतच. फरक 2-3 मिलिअँपवर आला, फुकटात.

1.56 चा आग्रहपण सोडलाय. प्रत्येक ट्यूब 40 मिलिअँपवर ठेवलीये, म्हणजे 10 ओहमवर 0.4 व्होल्ट. याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर 117 व्होल्टच्या हिशोबाचा, आज घरात 120 च्या वरच येतं, त्यामुळे सगळेच व्होल्टेज चढे असतात. आवाजात मला तरी काही कमी वाटलं नाही, जवारी तश्शीच.

मोजताना मात्र जपून. पुढच्या ज्या ऑक्टल (आठ पिनांच्या) सॉकेटवर बायस बघतात त्याच सॉकेटवर प्रीअँपसाठीचा हाय व्होल्टेजपण येतो, प्रोब घसरला तर जिवावर बेतेल. एक हात खिशात. आणि खाली उघडायचा असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटर डिस्चार्ज झालेत का ते आधी मीटरने बघा.

कोणी विकायला काढलेला दिसला तर ट्यूब कुठल्या ब्रँडच्या हे नंतर विचारा, सेलेनियम बदललाय का ते आधी.