ठणकतं की सणकतं? चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आणि सांगली-मिरजेतून करायच्या निवडी

आईला पहिली कळ आली ती वरणभाताचा घास तोंडात घालताना. डाव्या गालात, नथीच्या अगदी शेजारी. घास ताटात पडला, डोळे घट्ट मिटले आणि पंधरा-वीस सेकंदांनी ती आमच्याकडे बघायला लागली, कुणी थोबाडीत देऊन पळून गेल्यासारखी. "करंट बसल्यागत झालं गं," एवढंच म्हणाली. तिथून योग्य माणसापर्यंत पोचायला आम्हाला सात महिने लागले आणि तेवढ्यात तिच्या दोन दाढा गेल्या. पुढच्या वर्षी माझ्या मावसभावाला हेच सुरू झालं. तो अठरा दिवसांत पोचला, कारण आमची फजिती त्याने जवळून पाहिली होती. दोघांनी शेवटी वेगवेगळे उपाय घेतले. ज्यांच्या घरी हे आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी दोन्हींची तुलना मांडते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. म्हणून गोळीचा डोस इथे वाचून ठरवू नका.

आधी कुणाकडे?

दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी नस चेहऱ्याची संवेदना वाहते. तिच्या तीन फांद्या: कपाळ-डोळ्याची, गाल-वरच्या दातांची आणि खालच्या जबड्याची. कळ बहुतेक वेळा खालच्या दोन फांद्यांत येते, आणि दातांची संवेदनाही त्याच फांद्यांतून जाते. त्यामुळे कळ दातातच आहे असं पेशंटला शपथेवर वाटतं. आई तर बोट ठेवून दाढ दाखवायची.

मिरजेतल्या न्यूरोफिजिशियननी, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी, तिला पहिलाच प्रश्न विचारला, "ठणकतं की सणकतं?" मला तो प्रश्न एमआरआयइतकाच मोलाचा वाटतो. दाताचा ठणका तासन्‌तास चालतो, गरम चहाने किंवा गारव्याने चाळवतो, रात्री झोपू देत नाही. नसेची सणक सेकंदांची असते, फार तर दोन मिनिटांची. ती एकाच बाजूला येते आणि दोन सणकांच्या मध्ये माणूस ठणठणीत दिसतो. झोपेत ती सहसा येत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे गाल जोरात दाबला तरी आईला काही व्हायचं नाही, पण पदराची कड लागली तर जीव जायचा. दात घासणं, तोंड धुणं, बोलणं, सांगलीच्या आयर्विन पुलावरून स्कूटरवर जाताना लागणारा वारा, सगळं बंद झालं. एका लग्नात तिने नथ घातली नाही म्हणून बायकांनी हजार प्रश्न विचारले, आणि उत्तर द्यायला तोंड उघडायची सोय नव्हती.

डेंटिस्टवर माझा बरेच दिवस राग होता. आता तेवढा नाही. तडकलेली दाढही चावताना अशीच चमक देते, तेव्हा दात तपासून घ्यावेच लागतात. सगळे दात एकत्र दाखवणारा ओपीजी एक्स-रे काढा. त्यात काही सापडलं तर दाताचा इलाज करा. तपासणी आणि एक्स-रे दोन्ही स्वच्छ असतील आणि तरी कुणी "काढून टाकू, मोकळे व्हाल" म्हणालं, तर खुर्चीतून उठा. आईची पहिली दाढ काढल्यावर चार दिवस बरं वाटलं आणि सगळ्यांची खात्री पटली. हे दुखणं आपलं आपणही काही दिवस, कधी काही महिने, गप्प बसतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मावसभावाच्या डेंटिस्टने मात्र एक्स-रे बघून स्वतःच न्यूरोफिजिशियनच्या नावाने चिठ्ठी लिहिली.

बाकीच्या शंका थोडक्यात. तोंड वाकडं होणं हा सातव्या नसेचा आजार, तो वेगळा. कपाळावर नागीण उठून गेल्यावर राहणारी आगही वेगळी. सायनसचं दुखणं जड असतं, वाकल्यावर वाढतं. पन्नाशीनंतर कानशिलात दुखतंय, चावताना जबडा थकतो आणि नजर अंधुक होते असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण त्यात डोळा जाऊ शकतो. आणि जबड्याच्या दुखण्यासोबत घाम, धाप किंवा छातीत दाब असेल तर नसेचा विचार सोडा आणि ईसीजी काढा.

कोणती गोळी?

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. आईने गोळ्यांच्या पाकिटांमागून पाकिटं संपवली, फक्त पित्त वाढलं. चालतात त्या मूळच्या फिटवरच्या गोळ्या, कारण त्या नसेतली भलती विजेची उसळी दाबतात. कार्बामाझेपिन 1960च्या दशकापासून या दुखण्यावर वापरात आहे आणि आजही पहिली पसंती तिलाच. ती लागू पडली तर निदानालाही बळ मिळतं. आईला चौथ्या दिवशी फरक पडला आणि तिने सात महिन्यांनी पोटभर भाकरी खाल्ली. गोळी महागही नाही.

पण ती फुकट काही देत नाही. झोप, चक्कर, चालताना झोक जाणं हे सुरुवातीला होतंच, म्हणून डोस कमी ठेवून हळूहळू चढवतात. काही लोकांत अंगावर पुरळ उठून कातडी सोलवटण्यापर्यंत मजल जाते. त्याचा धोका एचएलए-बी 1502 या जनुकाच्या चाचणीने बऱ्याच अंशी आधी कळतो, सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारा. पुरळ, ताप किंवा तोंडात फोड दिसले की लगेच दवाखाना. रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर ती कमी करते, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या.

दुसरी, ऑक्सकार्बाझेपिन, बऱ्याच जणांना जास्त सोसते आणि इतर औषधांशी कमी भांडते. तिचा दोष म्हणजे ती रक्तातलं सोडियम उतरवते, म्हातारपणी जास्त, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. आईला पहिलीवर फार चक्कर यायची म्हणून दुसरी दिली. तीन आठवड्यांनी ती कुकरशी बोलायला लागली. हसू नका, आम्हीही आधी हसलो होतो. सोडियम 122 निघालं, असायला हवं 135च्या वर. तेव्हा सत्तरीच्या माणसासाठी कोणतीही निवडा, पण सोडियमची तपासणी ठरल्या तारखेला करा. दोन्ही गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन वगैरे जोडीला देतात, एकट्याने त्यांचा तितका भरवसा नाही.

आयुर्वेदात अनंतवात म्हणून जे वर्णन आहे त्याच्याशी या दुखण्याचं साम्य वैद्य दाखवतात. नस्य (नाकात औषधी थेंब) घ्यायचं तर घ्या, पण गोळी बंद करून नको. कानामागे नस चोळून देणाऱ्याकडे आईला नेलं होतं, त्याबद्दल ती मला अजून ऐकवते.

सुई, ऑपरेशन की किरण?

एमआरआय सगळ्यांचाच करावा. गाठ नाही ना हे कळतं, आणि पेशंट तरुण असेल किंवा दोन्ही बाजूंना दुखत असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरचं आवरण झिजवणारा आजार) नाही ना हेही. शिवाय एखादी रक्तवाहिनी नसेला घासते का ते दिसतं, मात्र त्यासाठी बारीक कापांचा खास एमआरआय लागतो. साधा मेंदूचा एमआरआय काढून आलात तर पुन्हा पैसे जातात, आमचे गेले.

मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, 46 वर्षांचा, तब्येत धडधाकट, एमआरआयमध्ये धमनीचा वेढा नसेवर स्पष्ट दिसत होता. त्याने एमव्हीडी (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन) हे ऑपरेशन केलं. कानामागे कवटीला छोटी खिडकी पाडतात, धमनी बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. नस जाळत नाहीत, कारण दूर करतात, हाच याचा मोठा गुण. दहांपैकी आठ-नऊ जणांना लगेच आराम पडतो आणि दहा वर्षांनीही साधारण सत्तर टक्के लोक बरे असतात. पण हे डोकं उघडायचं ऑपरेशन आहे. त्या बाजूचा कान जाणं, मेंदूतलं पाणी झिरपणं, क्वचित पक्षाघात, अगदी क्वचित मृत्यू, या सगळ्यांवर सही करावी लागते. दादाचं ऐकू येणं थोडं कमी झालंय. तो म्हणतो, त्या कानाने बायको बोलते, चालतंय.

आई 71, आधी अँजिओप्लास्टी झालेली, आणि एमआरआयमध्ये ठळक काही नाही. तिला सुईचा उपाय दिला, आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी). गालातून सुई घालून कवटीच्या तळाच्या छिद्रातून नसेच्या मुळाजवळच्या फुगीर भागापर्यंत नेतात आणि नस तिथे थोडी जाळतात. दुसऱ्या दिवशी घरी. आराम तिथल्या तिथे. बदल्यात गाल बधिर होतो. चहा हनुवटीवर ओघळला तरी तिला कळत नाही, म्हणून आरसा हाताशी ठेवते. काही वर्षांत दुखणं परत येण्याची शक्यता एमव्हीडीपेक्षा बरीच जास्त, मात्र सुई पुन्हा देता येते. फुगा फुगवून नस दाबण्याचा प्रकारही याच जातीचा, त्यात चावण्याची ताकद काही काळ कमी होते. कपाळाच्या फांदीत दुखत असेल तर डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) बधिर होण्याचा धोका आधी विचारा.

गॅमा नाइफमध्ये नसेवर किरणांचा मारा करतात, चिरायचं काही नसतं, एका दिवसात होतं, पण त्यासाठी मुंबई-दिल्लीसारख्या शहरात जावं लागतं आणि आराम पडायला आठवडे, कधी महिने लागतात. ज्याला आज घास गिळता येत नाही त्याने तोवर काय करायचं? ऑपरेशन झेपणार नाही आणि गोळ्यांवर अजून थोडं निभतंय, अशांनाच तो मला पटतो.

वय कमी, तब्येत चांगली आणि धमनी स्पष्ट दिसत असेल तर मी एमव्हीडीच्या बाजूची. गोळ्यांची दहा वर्षं ओढून, साठीत हृदय-शुगर जमवून मग ऑपरेशनला जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. उलट गोळ्या सोसतायत आणि रक्त ठीक येतंय, तर सुईचीही घाई नको.

कुठे, हा प्रश्न राहिला. मिरज तंबोऱ्यांसाठी आणि दवाखान्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते, कर्नाटकातून माणसं गाडी करून येतात. निदान, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या यांसाठी सांगली-मिरज सोडायची गरज नाही. चक्कर येणाऱ्या म्हातारीला दर महिन्याला पुण्याला नेणं म्हणजे तिला शिक्षाच. सरकारी योजनेत बसतं का ते दवाखान्यात योजनेची मदत करायला बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

ऑपरेशनसाठी मात्र गाव बघू नका, हात बघा. दादाने इथल्या सर्जनना सरळ विचारलं, "वर्षाला अशी किती करता?" ते म्हणाले, "दोन-तीन." आणि पुण्यातल्या एका सर्जनचा नंबर त्यांनी स्वतःच लिहून दिला. ऑपरेशन पुण्याला झालं. टाके काढायला आणि नंतर प्रत्येक वेळी दाखवायला दादा नंबर लिहून देणाऱ्या इथल्याच डॉक्टरांकडे येतो.