अलाइनमेंटचा कागद मिळाला, अलाइनमेंट नाही

जुनं मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतलेल्या बहुतेकांची तक्रार एकच: गाडी सरळ जात नाही. आमची फोर्डच्या एफ-५३ चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, बांधलेली. पश्चिम टेक्सासात आय-१० महामार्गावर आडवा वारा लागला, की स्टिअरिंग सारखं डावी-उजवीकडे करत बसायचं. शेजारून मोठा ट्रक गेला, की गाडी आधी बाहेर ढकलली जायची, मग आत ओढली जायची. तासाभरात खांदे भरून यायचे. या त्रासावर पोट भरणारे गॅरेजवाले आहेत, म्हणून हे लिहितोय.

ज्या दुकानात गेलो, तिथे कुणी गाडी चालवून पाहिली नाही, टायरमधली हवाही मोजली नाही. "या गाड्यांना स्टिअरिंग स्टॅबिलायझर लागतोच," एवढंच निदान. स्टॅबिलायझर म्हणजे स्टिअरिंगला बसणारे धक्के शोषणारा दांडा. तो आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) मिळून बिल १,४०० डॉलरच्या वर. सोबत रंगीत छापील कागद: 'आधी'चे आकडे लाल, 'नंतर'चे हिरवे. बघूनच गाडी दुरुस्त झाल्यासारखं वाटावं!

गाडी होती तशीच. स्टिअरिंग तेवढं जड झालं.

लबाडी त्या कागदातच सापडली. कॅस्टर २.८ अंशांवरून ४.६ वर आणल्याचं त्यात होतं. कॅस्टर म्हणजे किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) मागे किती कललाय तो कोन. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येतं ते त्यामुळे. पण या चासीला पुढे अखंड आय-बीम अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. तिथे कॅस्टर इतका बदलायचा तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरी घालाव्या लागतात. बिलात पाचरी नाहीत. टॉर्च घेऊन खाली शिरलो, तर गाडीतही नाहीत. मग टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं स्टिअरिंगसाठी जोडणारी दांडी, पाहिला. टो-इन (पुढची चाकं समोरून आत किती झुकलीत ते) बदलायचा तर त्याचे क्लॅम्प ढिले केल्याशिवाय गत्यंतर नसतं. दोन्ही क्लॅम्पच्या नटांवर जुना चिखल वाळून घट्ट बसलेला, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. कागदावर चासी नंबरची जागा कोरी. ते आकडे कुणाच्या गाडीचे होते देव जाणे.

मॅनेजरला फोटो दाखवले. "मशीन दाखवतं तेच छापतो," म्हणाला. पाचरी कुठे आहेत, यावर गप्प.

दुसऱ्या मेकॅनिकनं आधी ट्रकच्या काट्यावर पाठवलं, तेही पाण्याची टाकी आणि सामान नेहमीसारखं भरून. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घेतलं. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते पाहिलं. आमच्या पुढच्या टायरांत बाजूवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा ठासलेली होती, म्हणजे गरजेपेक्षा बरीच जास्त. ती कमी केली. स्वे बारच्या (गाडीला बाजूला कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंका आतल्या भोकात घेतल्या, त्यानं बार कडक होतो आणि नवा भाग काहीच लागत नाही. मग खरोखरचं अलाइनमेंट. आता वारा जाणवतो, पण भांडावं लागत नाही. स्टॅबिलायझर वाईट नसतो. टायर फुटला तर कामी येतो. पण मूळ दोष तो झाकतो, काढत नाही.

तुम्ही अलाइनमेंटला गेलात, तर आधी टाय रॉडच्या क्लॅम्पचा फोटो काढून ठेवा. कागदावर स्वतःचा चासी नंबर बघूनच सही करा. पैसे क्रेडिट कार्डानं द्या आणि फसलात, तर ते बिल असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार पोचवा. आम्ही फोटो आणि बिल जोडून तेच केलं. अलाइनमेंटचे पैसे परत आले. स्टॅबिलायझरचे नाही, कारण तो त्यांनी खरंच बसवला होता.