आत्मकथनपर विनोदी वेबकॉमिक्स: अनेक महिन्यांच्या वाचनानंतर

प्रौढ वाचकांसाठी काढलेली, चित्रकाराच्या स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली आणि विनोदाची धार मुद्दाम बोथट न केलेली वेबकॉमिक्स (इंटरनेटवर भागाभागाने येणाऱ्या चित्रकथा) मी गेले अनेक महिने नियमाने वाचते आहे. सुरुवातीला काही मालिका पहिल्या भागापासून क्रमाने वाचल्या, नंतर दोन चित्रकारांचे मासिक सदस्यत्व घेतले आणि आता रोजच्या वाचनात त्यांना वृत्तपत्राइतकेच पक्के स्थान मिळाले आहे. या प्रकारात नेमके काय मिळते, काही काळाने काय टिकते आणि काय विटते, याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या कॉमिक्सची शिफारस बहुधा ‘बिनधास्त’ या एका विशेषणावर उरकली जाते आणि माझ्या अनुभवात बिनधास्तपणा हा त्यांचा सर्वांत लवकर ओसरणारा गुण ठरला.

विषय अवघड असतात, हे आधीच सांगितले पाहिजे. नैराश्य, व्यसन सोडण्याचे फसलेले प्रयत्न, न फिटणारे कर्ज, शरीराबद्दलची लाज, शय्यागृहातील फजिती, थेरपिस्टपुढेही बोललेले खोटे, दुखवट्याच्या दिवसांत भलत्याच क्षणी फुटलेले हसू, असा सगळा ऐवज तिथे उघड मांडलेला असतो. पहिले काही आठवडे मला ओढ लागली ती या उघडपणाचीच, आणि ती ओढ खोटी नव्हती. केवळ आपल्याच मनात येतो असे वाटणारा एखादा क्षुद्र विचार दुसऱ्या कोणीतरी स्वच्छ रेषेत काढलेला पाहिला की मन खरोखर हलके होते. परंतु धक्क्याची सवय फार लवकर होते. एकदा ती झाली की कोणते चित्रकार अजून वाचावेसे वाटतात आणि कोणाचे नवे भाग न उघडताच पडून राहतात, हे आपोआप दिसू लागते, आणि खरे परीक्षण तिथूनच सुरू होते.

मला टिकून राहिलेली मोहिनी आढळली ती एकाच चौकटीत वावरणाऱ्या दोन ‘मी’ंमध्ये. चौकटीच्या वरच्या पट्टीतील मजकूर लिहिणारा ‘मी’ आजचा असतो. त्याला घटनेचा शेवट माहीत असतो आणि तो शहाणपणाने, कधी लबाडीने बोलतो. खाली चित्रात असलेला ‘मी’ तेव्हाचा असतो आणि त्याला पुढच्या चौकटीत काय होणार याची कल्पना नसते. वरची पट्टी म्हणते, ‘नाते संपल्याची बातमी मी प्रौढपणे स्वीकारली’, आणि खालच्या चित्रात हीच व्यक्ती अंघोळीचा टॉवेल गुंडाळून स्नानगृहाच्या फरशीवर बसलेली, त्याच माणसाचे चार वर्षांपूर्वीचे फोटो चाळताना दिसते. गद्य आत्मकथनात लेखकाला हे दोन्ही एकामागून एक सांगावे लागते आणि ‘मी स्वतःची फसवणूक करत होतो’ असा कबुलीजबाब कुठेतरी लिहावा लागतो. इथे तो लिहावा लागत नाही. खोटे आणि खरे एकाच नजरेत येतात, त्यांच्यातील अंतर वाचक स्वतः भरतो, आणि जे हसू येते ते या अंतरातून येते. म्हणून चांगल्या आत्मकथनपर कॉमिकमध्ये मजकूर चित्राचे वर्णन कधीच करत नाही. ज्या मालिकांत तो करतो, त्या मी लवकर सोडल्या.

दुसरी गोष्ट वेळेची. लाजिरवाणा प्रसंग रात्री फोनवर चार ओळींत लिहून टाकायला दोन मिनिटे पुरतात, पण तोच प्रसंग चार चौकटींत काढायचा तर स्वतःचा ओशाळलेला चेहरा चार वेळा काढावा लागतो, प्रत्येक वेळी भुवई किती वर न्यायची हे ठरवावे लागते, समोरच्या माणसाचा हात कुठे होता हे आठवावे लागते. या श्रमात भावनेचा कढ उतरतो आणि प्रसंगाला आकार येतो. संतापाच्या भरात लिहिलेल्या पोस्टमध्ये न आढळणारा समतोल या कॉमिक्समध्ये आढळतो, त्याचे श्रेय चित्रकाराच्या स्वभावाइतकेच या संथ कामालाही द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

चित्र साधे असण्याचाही यात मोठा वाटा आहे. कॉमिक्सचे अभ्यासक आणि चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात मांडले आहे की चेहरा जितका साधा, तितके वाचकाला त्यात स्वतःला पाहणे सोपे जाते. तपशीलवार चेहरा दुसऱ्याचा वाटतो, दोन ठिपके आणि एक रेघ कोणाचीही होऊ शकते. आत्मकथनात याचा परिणाम दुहेरी होतो. वाचकाला आत शिरायला जागा मिळते आणि चित्रकाराला आडोसा मिळतो. जेम्स कोचाल्का यांनी ‘अमेरिकन एल्फ’ या रोजनिशीवजा मालिकेत स्वतःला टोकदार कान आणि पुढे आलेले दात असलेला एल्फ (पाश्चात्त्य लोककथांतील जादुई बुटका) म्हणून काढले आणि 26 ऑक्टोबर 1998 पासून 2012 च्या अखेरपर्यंत आपले साधेसुधे दिवस, भांडणे, आजारपणे आणि बापपण त्या आडोशातून मांडले. मुखवटा घातलेला माणूस अधिक खरे बोलतो, याचा इतका दीर्घ पुरावा मला अन्यत्र आढळलेला नाही.

हा सगळा मोकळेपणा इंटरनेटमुळे आला, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील भूमिगत, म्हणजे प्रस्थापित प्रकाशकांबाहेर छापल्या जाणाऱ्या, कॉमिक्सच्या काळात, 1972 मध्ये, चित्रकार जस्टिन ग्रीन यांनी धार्मिक अपराधभाव आणि विचारांच्या सक्तीने पछाडलेले स्वतःचे बालपण ‘बिंकी ब्राउन’ या पात्राच्या आडून काढले होते. क्लीव्हलँडमधील सरकारी रुग्णालयात फायली लावण्याचे काम करणारे हार्वी पेकार 1976 पासून आपल्या कंटाळवाण्या दिवसांच्या कथा ‘अमेरिकन स्प्लेंडर’मधून स्वतःच प्रकाशित करत होते. पेकार चित्रकार नव्हते; ते काडीच्या माणसांचे आराखडे काढून देत आणि रॉबर्ट क्रम्ब यांच्यासह वेगवेगळे चित्रकार त्यांवरून चित्रे काढत, त्यामुळे एकच पेकार प्रत्येक हातातून निराळा उतरला. वेबने यात भर घातली ती नियमिततेची आणि लहान आकाराची. पुस्तकात येण्याइतका मोठा नसलेला मंगळवारचा एखादा अपमान आता मंगळवारीच चार चौकटींत येऊ शकतो, आणि वाचक त्या माणसाबरोबर महिनोन्महिने वय वाढवू शकतो.

ज्या एका कामाने या प्रकाराबद्दलचे माझे मत कायमचे घडवले, ते ॲली ब्रॉश यांचे. ‘हायपरबोल अँड अ हाफ’ या त्यांच्या ब्लॉगवर गद्य आणि चित्रे एकत्र येतात, चित्रे संगणकावरील साध्या रंगवण्याच्या प्रोग्राममध्ये मुद्दाम ओबडधोबड काढलेली असतात, आणि त्यांचे नैराश्यावरील दोन लेख 2011 आणि 2013 मध्ये आले. दुसऱ्या लेखात त्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर रडत पडलेल्या असताना फ्रिजखाली सुकलेला मक्याचा एक दाणा दिसतो आणि त्यांना अनावर हसू फुटते. त्या हसण्यात बरे झाल्याचा दिलासा नाही आणि दाण्यात कोणता अर्थही दडलेला नाही. एरवी ‘आशेचा किरण’ दाखवण्याची घाई जिथे होते, तिथे त्या फक्त दाणा दाखवतात. नैराश्याबद्दल मी वाचलेल्या पुष्कळ गंभीर मजकुरापेक्षा हा प्रसंग मला अधिक अचूक वाटतो, कारण भावना हळूहळू, क्रमाने आणि योग्य कारणासाठी परत येतील, हा आपला समज तो मोडून काढतो. विनोद इथे दुःखावर घातलेले पांघरूण नाही. दुःखाचे मोजमाप घेण्याचे ते साधन आहे.

बोचऱ्या विनोदाच्या आकर्षणाचा खुलासा विनोदाचे संशोधक पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी 2010 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात बराचसा मिळतो. कशाचे तरी उल्लंघन होत आहे आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, असे एकाच वेळी वाटले की माणसाला हसू येते. आत्मकथनपर कॉमिकमध्ये निरुपद्रवीपणाची हमी कॉमिकच्या अस्तित्वातच असते. ज्याच्यावर ती रात्र आली, तो माणूस नंतर टेबलाशी बसला आणि त्याने ती काढली, एवढे वाचकाला न सांगता कळते. हाच प्रसंग त्याच्या मित्राने काढला असता तर हसताना आपण अडखळलो असतो.

आता जे विटते त्याबद्दल. स्वतःला कमी लेखणे हा या प्रकाराचा सर्वांत स्वस्त शेवट आहे. ‘मी किती निकामी आहे’ हे तीन चौकटींच्या तयारीनंतर चौथ्या चौकटीत सांगायचे, अंथरुणातून न उठणे, लोक टाळणे, काम पुढे ढकलणे हेच विषय फिरवत राहायचे, आणि ‘अगदी माझेच’ अशा प्रतिक्रियांवर पुढचा भाग बेतायचा, अशा मालिका पुष्कळ आहेत. त्या पहिल्यांदा सुखावतात, पण महिनाभर सलग वाचल्या की चित्रकार स्वतःकडे पाहायचे थांबला आहे आणि वाचकाच्या मान डोलावण्याकडे पाहू लागला आहे, हे जाणवते. मी आता एकच कसोटी लावते: या भागात असा एखादा तपशील आहे का, जो या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता? मक्याचा दाणा तसा आहे. ‘सोमवार नकोसा वाटतो’ हा तसा नाही.

याहून गंभीर आक्षेप इतरांच्या खासगीपणाचा आहे. स्वतःच्या आयुष्याची कथा कधीच एकट्याची नसते. तिच्यात जोडीदार, आईवडील, मित्र आणि मुले येतात, आणि त्यांनी पेन हाती घेतलेले नसते. जे चित्रकार जोडीदाराला आधी भाग दाखवतात किंवा ठरावीक गोष्टी काढायच्या नाहीत असे ठरवून घेतात, त्यांचे काम त्यामुळे मिळमिळीत झालेले मला दिसले नाही. उलट, नाव न घेता सांगते, एका मालिकेत शाळकरी मुलाच्या खासगी भीतीवर भागामागून भाग येऊ लागले. भाग चांगले काढलेले होते, विनोदही जमलेला होता, पण त्या मुलाला ‘नको’ म्हणण्याची संधी मिळाली असेल असे कुठेच वाटत नव्हते. मी ते सदस्यत्व बंद केले. धार पहिल्यांदा स्वतःकडे वळलेली असणे ही या प्रकाराची मूळ अट आहे आणि ती मोडल्यावर उरतो तो केवळ कुचेष्टेचा विनोद.

वाचनाच्या सोयींबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामवर 2017 पासून एका पोस्टमध्ये अनेक चित्रे देता येऊ लागली आणि बोट सरकवणे हेच पान उलटणे झाले. शेवटची चौकट पुढच्या चित्रात दडवता येत असल्यामुळे लहान विनोदाला ही रचना फार मानवते. उभ्या पट्टीत उलगडणाऱ्या मालिकांमध्ये दोन चित्रांमधील मोकळी जागाच शांतता बनते, आणि दुःखाचे भाग तिथे अधिक चांगले उतरतात. मूळ संकेतस्थळावर काही चित्रकार माउसचा बाण चित्रावर नेल्यावरच दिसणारे एक जादा वाक्य लपवतात, ते फोनवर सहसा हाती लागत नाही, म्हणून जुने भाग मी संगणकावरच वाचते. हाताने लिहिलेली अक्षरे असलेल्या मालिकेसाठीही मोठा पडदा हवा, कारण त्या अक्षरांच्या थरथरीत आवाज असतो.

केवळ समाजमाध्यमांवर विसंबू नये, हेही सांगते. टंबलर या ब्लॉगिंगच्या समाजमाध्यमाने डिसेंबर 2018 मध्ये प्रौढ आशयावर बंदी घातली, तेव्हा शरीराबद्दल मोकळेपणाने काढणाऱ्या अनेकांना रातोरात दुसरे घर शोधावे लागले. ज्यांचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, त्यांचे भाग आरएसएस फीडमधून (संकेतस्थळावरचा प्रत्येक नवा भाग थेट वाचकाकडे आणणाऱ्या सोयीतून) घेणे मला सर्वांत निर्धोक वाटते. तिथे कोणता भाग आपल्याला दाखवायचा हे अल्गोरिदम ठरवत नाही आणि काहीही गाळले जात नाही. पॅट्रिऑनसारख्या, चाहत्यांनी कलाकाराला नियमित पैसे देण्याच्या ठिकाणचे सदस्यत्व घेतल्यावर अधिकचे भाग मिळतात, पण त्याहून मोलाचे म्हणजे चित्रकाराला प्रत्येक भाग सर्वांना आवडलाच पाहिजे या दडपणातून थोडी सुटका मिळते. सदस्यांसाठीचे भाग मला जवळपास नेहमीच अधिक सावकाश आणि कमी टाळीबाज आढळले.

खंड पडण्याची तयारी मात्र वाचकाने ठेवावी. ब्रॉश यांचे पहिले पुस्तक 2013 मध्ये आले आणि दुसरे 2020 मध्ये. मधली वर्षे त्या जवळजवळ पूर्णपणे गप्प होत्या आणि त्या काळात त्यांनी बहिणीचा मृत्यू सोसला होता. ज्याच्या आयुष्यावर मालिका चालते, त्याचे आयुष्य कोलमडले की मालिका थांबते. नवा भाग कधी येणार असे विचारणारे संदेश पाठवणे मला म्हणूनच अत्यंत अनुचित वाटते.

ज्यांना गोड शेवट हवा असतो, किंवा जे सध्या स्वतःच एखाद्या खोल संकटात आहेत, त्यांना मी हा प्रकार सरसकट सुचवणार नाही. कित्येक भागांच्या सुरुवातीला आशयाची सूचना असते आणि ती वाचूनच पुढे जावे. इतरांनी किमान तीन-चार वर्षांचे जुने भाग उपलब्ध असलेली एखादी मालिका निवडावी, पहिल्या भागापासून सुरुवात करावी आणि दिवसाला थोडेच भाग वाचावेत. एका बैठकीत शंभर भाग वाचले की सगळी दुःखे एकसारखी भासू लागतात, आणि दहा भागांपूर्वी भाऊ ज्या खुर्चीत बसला होता ती खुर्ची आता रिकामी काढली आहे, हे नजरेतून निसटते. दुसरे सदस्यत्व मी या महिन्यात वर्षभरासाठी वाढवून घेतले आहे.